बिसेसर आजाचा बाप्तिस्मा

फादर लंबासा शहराहून पंधरवड्यातून एकदा नाकोरोवाईला येत. मधल्या दिवसांत गावातल्या आत्म्यांची काळजी विलोमेनाच्या गळ्यात असायची, आणि तिच्या मते गावातले आत्मे भारी आळशी होते. साठी उलटलेली ही बाई दर शनिवारी दुपारी देवळाच्या पडवीत चटई अंथरून मुलांना धर्मशिक्षण देई. तिच्या हाताखालून गेलेली मुलं आता ऊस तोडत होती, पोलिसांत होती, एक तर राजधानी सुवाला नर्स झाली होती. त्यांतलं कोणी सुटीला गावी येऊन रविवारची मिस्सा चुकवली, की विलोमेनाला तो स्वतःचा अपमान वाटायचा.

त्या शनिवारी मात्र तिचं निम्मं लक्ष घरी चुलीवर ठेवलेल्या कसाव्याच्या कंदांत होतं. मुलांना पवित्र भाकर पहिल्यांदा मिळायची ते पहिलं कम्युनियन पुढच्या रविवारवर आलेलं, आणि बाप्तिस्म्याचा धडा अजून तसाच राहिलेला. तिने तो दामटायला सुरुवात केली.

"बाप्तिस्म्याशिवाय स्वर्गाचं दार उघडत नाही," ती म्हणाली. लहानपणी सिस्टरांनी तिला असंच सांगितलं होतं, आणि सांगताना सिस्टरांचा चेहरा असा असायचा की पुढे विचारायची कोणाची छाती होत नसे.

अकानिसीची झाली. अकानिसी विलोमेनाची नात. आई नादीच्या हॉटेलात कामाला, म्हणून पोरगी आजीपाशी वाढलेली. "बूबू, मग आजाचं काय?"

आजा म्हणजे बिसेसर, शेजारचा म्हातारा हिंदू शेतकरी. त्याचं उसाचं शेत गावाच्या शिवेला लागून होतं, आणि गावातलं एकही पोर असं नव्हतं की जे त्याच्या बैलगाडीच्या मागच्या फळीवर बसून शाळेला गेलं नाही. अकानिसी तर शाळा सुटली की आधी त्याच्या घरी जायची. तिथे रोटी आणि चिंचेची चटणी खाऊन, त्याच्या देवघरातली उदबत्ती विझायच्या आत फुंकर मारून, म्हणून एक धपाटा खाऊन मग आपल्या घरी यायची.

"आजा आजारी आहे," अकानिसीने पुढे सांगितलं. "अंगावर घोंगडी घेऊन पडून असतो. त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही."

इथे थांबून दोन शब्द नीट बोलायला हवे होते. पण कसावा लागल्याचा वास आपल्याला इथवर येतोय असं विलोमेनाला वाटायला लागलं होतं. "म्हणून तर बाप्तिस्मा सगळ्यांनी घ्यायला हवा," असं म्हणून तिने पान उलटलं. पुढच्या पानावर नेमकं हे होतं, की कोणी मरणाच्या दारात असेल आणि फादर जवळ नसतील, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. मुलांना हा भाग फार आवडला. विलोमेनाने एक शहाळं मागवलं, आणि प्रत्येकाने त्याच्यावर पाणी ओतून ते शब्द म्हणून दाखवले. अतोनियो नावाच्या पोराने तर शहाळ्याचं नाव पेतेरो ठेवलं. घरी जाऊन विलोमेनाने पाहिलं तर कसावा व्यवस्थित होता.

सोमवारी संध्याकाळी बिसेसरची सून राजवंती अकानिसीचं मनगट धरून विलोमेनाच्या दारात उभी राहिली. पायांत चप्पल नव्हती, पदराला पीठ लागलं होतं.

"काकी, तुमच्या नातीला विचारा काय करून आली ती."

"मी आजाला वाचवलं," अकानिसी म्हणाली. तिला खरंच शाबासकीची अपेक्षा होती.

झालं होतं ते असं. बिसेसर आंब्याखाली खाटेवर गाढ झोपला होता. अकानिसी आणि अतोनियो शाळेच्या बाटलीत पाणी भरून गेले. अतोनियोने घोंगडी बाजूला केली आणि अकानिसीने सगळी बाटली म्हाताऱ्याच्या टकलावर रिकामी करून, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, एक शब्द न चुकता त्याला बाप्तिस्मा दिला. म्हातारा ठसकत उठून बसला. राजवंती लाटणं घेऊन धावत आली, तेव्हा पोरीने तिला धीर दिला होता, "मामी, आता रडू नकोस. आजा नरकात जाणार नाही."

"साधा ताप होता हो त्यांना," राजवंती म्हणाली. ती ओरडत नव्हती, आणि विलोमेनाला तेच जड गेलं. "जमीन तुमच्या गावाची, आम्ही भाड्याने कसतो. पट्टा संपला की तुम्ही म्हणाल तर उठायचं. ते सगळं आम्हाला कबूल आहे. पण आता आमचा म्हातारासुद्धा तुम्हाला हवा का?"

"अगं, लेकरं आहेत ती. त्यांना काय कळतंय?"

"लेकरांना कोणी शिकवलं, ते मला कळतंय," राजवंती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी विलोमेनाने नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं झाकून बिसेसरकडे पाठवली. या दोन घरांत ताटांची ये-जा इतकी जुनी होती, की कोणतं ताट मूळ कोणाचं हे आता कोणीच सांगू शकलं नसतं. ताट झाकण न उघडता परत आलं. विलोमेनाने ते तसंच ओट्यावर ठेवलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

अकानिसी मात्र वेगळ्याच काळजीत होती.

"बूबू, मी दिलेला बाप्तिस्मा लागला ना?"

"नाही गं. मोठ्या माणसाला तो स्वतःला हवा असावा लागतो. झोपलेल्यावर पाणी ओतून कोणी ख्रिस्ती होत नाही. नुसतं ओलं होतं."

"मग आजाला आत घेणार नाहीत?"

 इतकी वर्षं शिकवून आपल्याला हे उत्तर येत नाही याची विलोमेनाला लाज वाटली.

"मग मीसुद्धा नाही," अकानिसी म्हणाली. "मी कम्युनियन घेणार नाही. जिथे आजाला घेत नाहीत, तिथे जाऊन मी काय करू?"

ती हट्टाने बोलली असती तर विलोमेनाने दटावून गप्प केलं असतं. पण पोरीने हे विचार करून, शांतपणे सांगितलं, आणि मग दिवा पुसायला बसली. नातीचं कम्युनियन डोळ्यांनी पाहावं यासाठी विलोमेनाने वर्षभर जीव टाकला होता. पांढरा फ्रॉक शिवून, घडी घालून ट्रंकेत ठेवलेला होता.

गावात फोनला रेंज फक्त टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी मिळायची. गुडघे धरत विलोमेना तिथवर चढली आणि तिने फादरना सगळं सांगितलं. शहाळ्याचं नाव ऐकून फादर हसले. राजवंती काय म्हणाली ते ऐकून हसायचे थांबले.

"विलोमेना, तू शिकवलंस तरी काय त्यांना?"

"सिस्टरांनी मला शिकवलं तेच."

"अर्धंच शिकवलंस. बाप्तिस्मा देवाने आपल्याला सांगितलाय, आपल्याला त्याच्यावाचून चालायचं नाही. पण म्हणून देवाने स्वतःचे हात बांधून घेतलेत का? ज्याला ख्रिस्त कधी कळलाच नाही, त्यात त्याचा दोष नाही, आणि जो खऱ्या मनाने देवाला शोधतो, मन सांगेल तसं नीट वागतो, त्याचाही उद्धार होऊ शकतो. होतो तो ख्रिस्तामुळेच, मग त्या माणसाला ते ठाऊक असो की नसो. हे ख्रिस्तसभा सांगते. माझ्या पदरचं काही नाही."

"होऊ शकतो की होतो? पोरगी मला नेमकं हेच विचारणार."

"ते देवाला ठाऊक. आपण आशा धरायची आणि प्रार्थना करायची. माझ्याबद्दल तरी तू छातीठोक सांगशील का, की फादर नक्की स्वर्गात जाणार म्हणून?"

विलोमेनाने खरोखरच विचार केला. "नाही," ती म्हणाली.

पलीकडे फादरना पुन्हा हसू आलं. "बरं. आधी त्या घरी जाऊन माफी माग."

"ते मला कळतं, फादर," विलोमेना जरा रागानेच म्हणाली.

कळत होतंच. या गावात माफी नुसत्या तोंडाने मागत नाहीत. यांगोना म्हणजे मानाचं पेय करायचं झुडूप; त्याच्या मुळांची जुडी घेऊन जायचं, मागच्या दाराने आत शिरायचं, खाली बसायचं आणि जुडी समोर ठेवायची. समोरच्याने ती उचलली तर भांडण मिटलं. नाही उचलली तर पुन्हा यायचं. दुसऱ्या सकाळी विलोमेना मळ्यात जाऊन यांगोनाचं जुनं झुडूप खणायला लागली. मुळं वाळवावी लागणार होती, म्हणजे हातात तीनचार दिवस होते. खणता खणता, मातीने बरबटलेलं मूळ हातात आलं, आणि तिला तिच्या आजोबांची एक गोष्ट आठवली. ती तशीच उकिडवी बसून राहिली. मग एकटीच हसायला लागली.

शनिवारी तिने मुलांना गोल बसवलं. पुस्तक घरीच ठेवलं होतं.

"तुमच्या आईबापांच्याही जन्माआधी इथे मोठं वादळ झालं," तिने सांगायला सुरुवात केली. "नदी चढली. पलीकडच्या काठावर उसाच्या मजुरांच्या चाळी होत्या, त्या वाहून गेल्या. त्यांतलं एक कुटुंब कमरेएवढ्या पाण्यातून आपल्या गावाशी आलं. नवरा, बायको आणि हाताला धरलेला एक लहान मुलगा. माझे आजोबा तेव्हा गावचे प्रमुख. सगळी मंडळी त्यांच्या घरात दाटीवाटीने बसलेली. आता मला सांगा, परक्या गावात शिरताना काय करावं लागतं?"

"यांगोना द्यावी लागते," मुलं म्हणाली. हे तिथे दुधाच्या दातांच्या पोरालाही ठाऊक असतं.

"आणि नसली तर?"

"तर आत येता येत नाही."

"त्या माणसालाही ते ठाऊक होतं. पण घरच वाहून गेलेलं, यांगोना कुठून आणणार? म्हणून तो बायकापोरांना घेऊन बाहेर पावसात उभा राहिला. आत येईना. प्रमुख असून आजोबांनाही रीत मोडता येईना. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले. तेवढ्यात माझे आजोबा उठले आणि म्हणाले, 'जरा लघवीला जाऊन येतो.'"

मुलं खिदळली. विलोमेनाने त्यांना खिदळू दिलं.

"मागच्या दाराने ते बाहेर पडले. आढ्याला टांगलेली स्वतःच्याच यांगोनाची जुडी जाताना काढून घेतली. भर पावसात घराला वळसा घालून गेले, ती जुडी त्या माणसाच्या हातात कोंबली, आणि तसेच मागच्या दाराने परत येऊन, तोंड पुसून, आपल्या जागेवर बसले. मग तो माणूस पुढच्या दाराने आत आला. त्याने ती जुडी समोर ठेवली. आजोबांनी ती उचलली, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, 'ये, घर तुझंच आहे.'"

"पण ती तर त्यांचीच होती," अतोनियो म्हणाला. "ही फसवणूक झाली."

"रीत मोडली का?"

"नाही."

"माणूस आत आला का?"

"आला."

"कोणाच्या जिवावर?"

अतोनियोने डोकं खाजवलं. "आजोबांच्या."

"मग ऐका. मागच्या शनिवारी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं, ती माझी चूक. दार एकच आहे, ते खोटं नाही. जो आत जातो तो येशूने दिलेलं हातात घेऊनच जातो, दुसरं कोणाकडे काही नसतंच. तुमच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही. आपल्याला देणाऱ्याचं नाव ठाऊक आहे एवढंच. पण कितीतरी लोक बाहेर पावसात उभे असतात. त्यांना ते नाव कोणी सांगितलेलं नसतं, किंवा कळेल असं सांगितलेलं नसतं. ते आपापल्या परीने देवाला शोधतात, खरं वागतात, दुसऱ्याच्या पोरांना गाडीतून शाळेला सोडतात. देव मागच्या दाराने बाहेर जात नसेल, असं कोणाला म्हणायचं असेल त्याने म्हणावं. मी म्हणणार नाही."

"मग आपण तरी मिस्साला कशाला यायचं?" अतोनियोला एकदम आशा वाटली. "झोपून राहू. देव देईलच आणून."

"तुला हाक मारलीय, रे. तुझं नाव घेऊन बोलावलंय, पुढच्या रांगेत पान मांडलंय. हाक ऐकूनही जो लोळत पडतो, त्याच्यासाठी कोण पावसात जाईल? आणि जायला लागलं तरी तुला लाज वाटणार नाही?"

अतोनियोची आशा मावळली. अकानिसी इतका वेळ चटईची काडी उपटत बसली होती.

"बूबू, म्हणजे आजा नक्की जाणार?"

"नक्की मला माझंही सांगता येत नाही. पण माझे आजोबा तापट होते, चिकट होते, दोन वेळा भांडून त्यांनी देऊळ सोडलं होतं. तेसुद्धा त्या माणसासाठी पावसात गेले. देव त्यांच्यापेक्षा कोत्या मनाचा असेल का?"

पोरीने यावर विचार केला. "पण आजा माझ्याशी बोलतच नाही," ती म्हणाली. "मामी फाटकाशी आली की मीच पळते." कम्युनियनचं तिने नावही काढलं नाही, आणि विलोमेनानेही विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, विलोमेना जुडी घेऊन निघाली. असल्या कामाला गावातला कोणी पुरुष पुढे पाठवायची पद्धत, पण चूक आपली आणि तोंड दुसऱ्याचं हे तिला पटेना. अकानिसी मागोमाग आली. ये असं कोणी तिला म्हटलं नव्हतं.

मागच्या दारात राजवंती भांडी घासत होती. तिने जुडी पाहिली आणि पाय आखडून वाट दिली. आत बिसेसर जमिनीवर चटई टाकून बसला होता. ताप उतरलेला, दाढी वाढलेली. विलोमेना दाराजवळच खाली बसली, जुडी पुढे सरकवली आणि मान खाली घातली.

"दादा, पोरांनी केलं ते माझ्यामुळे. मी घाईत शिकवलं आणि अर्धवट शिकवलं. तुमच्या घराचा, तुमच्या देवाचा मान मी राखला नाही. ही जुडी लहान आहे, चूक मोठी आहे. पदरात घ्या."

बिसेसरने आधी जुडीकडे, मग दारातल्या पोरीकडे पाहिलं. बाहेर भांड्यांचा आवाज थांबला होता.

"पाण्याचं मला काही नाही, विलो," तो म्हणाला. "उकाड्यात बरंच वाटलं. आणि स्वर्गात न्यायचंच होतं, तर निदान विचारायचं तरी. माझी म्हातारी दुसऱ्याच दारात वाट बघत उभी असली म्हणजे? तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे." मग त्याचा आवाज बदलला. "मला लागलं ते वेगळं. या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलं, आणि ती माझ्याकडे बघून घाबरली. मी जळणार असा धसका घेतला तिने. एवढ्याशा जिवाला कशाला गं हे?"

विलोमेनाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिने पुसलं नाही. "परत नाही होणार, दादा."

बिसेसरने वाकून जुडी उचलली आणि गावच्या रीतीप्रमाणे ओंजळ पोकळ करून टाळ्या वाजवल्या. जन्मभर या गावाच्या शेजारी काढलेल्या माणसाला त्या शिकवाव्या लागत नाहीत. 

तेव्हा अकानिसी दारातून पुढे आली. आजी बसली होती तशीच, त्याच जागी बसली. मग तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. माफी मागायला यायचं तर काहीतरी घेऊन यायचं हे तिला ठाऊक होतं, आणि आणायला तिच्याजवळ काहीच नव्हतं.

"आजा, माझ्याकडे काही नाही," ती म्हणाली आणि तिने रिकामे तळवे पुढे केले.

बिसेसरने तिच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत तो उठला.

"जरा लघवीला जाऊन येतो," तो म्हणाला.

विलोमेनाने चमकून मान वर केली. त्या वादळात बापाचा हात धरून पावसात उभा असलेला मुलगा कोण, ते तिने वर्गात सांगितलंच नव्हतं. बिसेसर मागच्या दाराने बाहेर पडला. माळ्यावर काहीतरी चाचपल्याचा आवाज आला, राजवंती "अहो पडाल, मी देते काढून" म्हणाली, आणि मग घराला वळसा घालून, अंगणातून सावकाश येणारी त्याची पावलं ऐकू आली. पुढच्या दाराने आत येऊन तो पोरीच्या पाठीशी उभा राहिला, यांगोनाचं एक बोटभर मूळ तिच्या तळहातावर ठेवलं, तिची मूठ मिटली, आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने आपल्या जागेवर जाऊन बसला.

"हं," तो म्हणाला. "कोण आलंय आमच्याकडे?"

अकानिसी मुठीकडे पाहत राहिली. मग तिने आजीकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. तिने ते मूळ दोन्ही हातांनी बिसेसरच्या पुढे ठेवलं.

"हे तुझंच आहे, आजा."

"असेल. पण मला दिलं कोणी?"

"मी."

"मग झालं तर." त्याने ते उचललं आणि टाळ्या वाजवल्या. "ये इकडे."

ती गेली आणि त्याच्या मांडीला मांडी लावून बसली. राजवंतीने आतून ताट आणलं. त्यात गरम रोट्या होत्या आणि चटणीची वाटी होती. तिने ते विलोमेनासमोर ठेवलं, जरा जोरातच ठेवलं, पण ठेवलं.

"उद्या देवळात येशील ना, आजा?" अकानिसीने तोंडात घास असतानाच विचारलं. "मी पुढे उभी असणार. मग जेवण आहे."

"येईन. माझ्या पानाजवळ डुकराचं मटण नको म्हणजे झालं. आणि पाणी मी घरूनच पिऊन येईन."

अकानिसी चटणीची बोटं चाटत आजीकडे वळली. "बूबू, तो फ्रॉक ट्रंकेतून काढ ना आजच. त्याला घड्या पडल्या असतील."

"काढते," विलोमेना म्हणाली. "आधी जेवू दे मला."